मिश्र क्षमतेच्या वर्गात खेळांतून इंग्रजी शब्द शिकवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग सांभाळताना मी इंग्रजी शब्दांसाठी जे खेळ घेत आलो, त्यांविषयी केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत आणि एरवीही शिक्षक बंधुभगिनी काही ठरावीक प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही चौथीत पोहोचलेल्या माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील कविता तोंडपाठ असे आणि त्याच कवितेतला एखादा सुटा शब्द विचारला की ते गप्प बसत. पुढील बहुतेक उत्तरे या एका अडचणीभोवती फिरतात.

मिश्र क्षमतेचा वर्ग म्हणजे नेमका कसा वर्ग?

आपण सहसा ‘हुशार, मध्यम, कच्चे’ अशी तीन गटांची विभागणी करतो. पण शब्दांच्या बाबतीत ती फार लवकर अपुरी पडते. माझ्या वर्गातील एक मुलगी इंग्रजी परिच्छेद अडखळत का होईना वाचते, पण तिला ‘बकेट आण’ असे इंग्रजीत सांगितले तर ती जागची हलत नाही, कारण तिने तो शब्द कधी कानाने ऐकलेलाच नाही. उलट एका मुलाला इंग्रजी अक्षरांतले ‘बी’ आणि ‘डी’ वेगळे ओळखता येत नाहीत. मात्र घरच्या ट्रॅक्टरमुळे क्लच, ब्रेक, गिअर, टायर, बॅटरी, फिल्टर हे सगळे शब्द त्याच्या जिभेवर आहेत. ऐकून समजणे, पाहून सांगणे, वाचणे आणि लिहिणे या चार वेगळ्या वाटा आहेत आणि एकच मूल एका वाटेवर पुढे तर दुसरीवर मागे असू शकते. त्यात ज्या मुलांच्या घरी कोलामी, गोंडी यांसारखी आदिवासी भाषा किंवा बंजारा समाजाची गोरमाटी बोलली जाते, त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत शिकायची भाषा असते आणि इंग्रजी तिच्याही नंतर येते. म्हणून गट पाडण्यापूर्वी प्रत्येक मुलाची या चारही वाटांवरची जागा एका कागदावर लिहून ठेवावी. निम्मे नियोजन तेथेच होते.

खेळात वेळ वाया जात नाही का? गावातले पालक ‘गुरुजी पोरांना नुसते खेळवतात’ असे म्हणतात.

या आक्षेपाला हिशेबाने उत्तर द्यावे. चोवीस मुलांच्या वर्गात शिक्षकाने फळ्यापाशी उभे राहून वीस मिनिटे प्रश्न विचारले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक किंवा दोन उत्तरे येतात. सामूहिक घोषात तर चार-पाच मोठे आवाज संपूर्ण वर्गाला ओढून नेतात आणि उरलेली मुले केवळ ओठ हलवतात. तीच मुले जोडीने बसली, प्रत्येक जोडीजवळ सहा चित्रपत्ते असले आणि आलटून पालटून तीन फेऱ्या झाल्या, तर तेवढ्याच वेळात प्रत्येक मुलाला अठरा वेळा शब्द आठवून सांगावा लागतो.

येथे ‘आठवून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवून दिले होते, की शिकलेल्या गोष्टीचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसरला जातो. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांच्या प्रयोगांत असे दिसले, की तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या तो काही दिवसांनंतर अधिक लक्षात राहतो. खेळाचा खरा उपयोग हाच आहे, की तो मुलाला न कंटाळता, न घाबरता पुन्हा पुन्हा आठवायला लावतो. ज्या खेळात असे आठवावे लागत नाही, तो कितीही रंगला तरी इंग्रजीच्या तासिकेत मी घेत नाही.

एका आठवड्यात किती शब्द घ्यावेत?

माझ्या अनुभवात सर्वांसाठी सहा, आणि पुढे गेलेल्या मुलांसाठी त्याखेरीज तीन किंवा चार. हा आकडा पुष्कळांना लाजिरवाणा वाटतो. परंतु शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाचे किमान २०० दिवस काम अपेक्षित आहे, म्हणजे सहा दिवसांचे सुमारे तेहतीस आठवडे होतात. त्यातले तीन आठवडे निव्वळ उजळणीला ठेवले तरी वर्षाला १८० शब्द होतात. पहिलीपासून चौथीपर्यंत हे टिकले तर सातशेहून अधिक शब्द मुलाचे स्वतःचे होतील. आठवड्याला वीस शब्द फळ्यावर लिहून पुढच्या सोमवारी त्यांतले दोन उरणे यापेक्षा हे कितीतरी बरे.

कोणत्या शब्दांपासून सुरुवात करावी?

मुलांच्या तोंडी आधीच असलेल्या शब्दांपासून. पहिल्या आठवड्यात मी मुलांना घरात, शेतात आणि एसटी स्टँडवर ऐकलेले इंग्रजी शब्द गोळा करायला सांगतो. बस, तिकीट, मोबाईल, चार्जर, पाईप, मोटर, स्प्रे, बॅट, बॉल, शर्ट, बटन असे साठ-सत्तर शब्द सहज निघतात आणि ‘आम्हाला इंग्रजी येत नाही’ ही समजूत पहिल्याच आठवड्यात सैल होते. या कामात वर्गातली मागे पडलेली मुले बहुधा आघाडीवर असतात, कारण त्यांचा शेताशी आणि यंत्रांशी संबंध अधिक असतो.

मात्र अशा शब्दांचे अर्थ मराठीत येताना बदललेले असतात, याकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे ‘लाईट गेली’ म्हणजे वीज गेली. इंग्रजीत लाईट म्हणजे उजेड किंवा दिवा. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याचे ठिकाण. इंग्रजीत ती मुक्कामाची जागा. हा फरक समजावून सांगण्यात एक चांगली तासिका जाते आणि ती वाया गेली असे मला कधीच वाटले नाही.

पाठ्यपुस्तकाप्रमाणे रंग, प्राणी, भाज्या असे संच एकदम शिकवावेत का?

माझे मत असे, की नवे शब्द शिकवताना शक्यतो नाही. झालेले शब्द पक्के करताना अवश्य. थॉमस टिंकम यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये, तसेच रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकाच जातीचे शब्द एकत्र शिकणाऱ्यांना ते पक्के करायला अधिक फेऱ्या लागल्या, कारण सारखे शब्द स्मरणात एकमेकांवर चढतात. ‘लेफ्ट’ आणि ‘राईट’ एकाच दिवशी शिकलेली मुले पुढे दोन वर्षे गोंधळतात, हा आपलाही अनुभव आहे.

त्याऐवजी एका प्रसंगाचे शब्द घ्यावेत. विहिरीचा प्रसंग घेतला तर वेल, रोप, बकेट, वॉटर, पुल आणि डीप हे सहा शब्द मिळतात. त्यांत वस्तू आहेत, एक क्रिया आहे, एक गुण आहे आणि सगळे मिळून एक चित्र उभे राहते. पोळ्याच्या आठवड्यात हॉर्न, बेल, रोप, पेंट, वॉक, स्ट्राँग घेता येतात. विदर्भात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले आपापले लाकडी बैल सजवून आणतात. ते बैल वर्गात आले की वेगळे शैक्षणिक साहित्य करावेच लागत नाही.

याच संदर्भात एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. आपण बैलाला सर्रास ‘बुल’ शिकवतो. पण बुल म्हणजे वळू. औताला जुंपला जाणारा बैल म्हणजे ऑक्स किंवा बुलक, वासरू म्हणजे काफ आणि कालवड म्हणजे हेफर. शेतकऱ्याच्या मुलाला गोऱ्हा, बैल आणि वळू यांतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. त्याच्या माहितीला शोभेल असा नेमका शब्द त्याला मिळायला हवा.

प्रत्यक्ष कोणते खेळ घ्यावेत?

खेळ नवे शोधण्याची गरज नाही. मुलांना आधीच येणाऱ्या खेळांत शब्द घालावेत, म्हणजे नियम समजावण्यात तासिका जात नाही.

ठिकरी हा माझा सर्वांत आवडता खेळ आहे. अंगणात खडूने आठ घरे आखावीत आणि प्रत्येक घरात चित्र ठेवावे. मुलाने ठिकरी टाकावी आणि लंगडी घालत प्रत्येक घरातील शब्द म्हणत जावे. पहिल्या फेरीत घरात चित्र आणि शब्द दोन्ही असतात, दुसऱ्या फेरीत केवळ चित्र, तिसऱ्या फेरीत केवळ शब्द. कोणत्या फेरीत खेळायचे हे मूल स्वतः ठरवते. ज्याला नुसता शब्द वाचता येत नाही, तो चित्राच्या घरांवरून खेळतो. त्याची लंगडी इतरांपेक्षा चांगली असू शकते आणि टाळ्या त्यालाही मिळतात.

‘मामाचं पत्र हरवलं’ या खेळात रुमालाऐवजी खरोखरच एक चिठ्ठी वापरावी. चिठ्ठीच्या एका बाजूला चित्र आणि दुसऱ्या बाजूला शब्द असतो. ज्याच्या मागे चिठ्ठी पडली, त्याने ती उघडून हव्या त्या बाजूने पाहून शब्द मोठ्याने सांगावा आणि मगच पळावे. निवड मुलाच्या हातात असल्यामुळे कोण कोणत्या पातळीवर आहे याचा बोभाटा होत नाही. पूर्वी मी गटांसाठी लाल, पिवळ्या आणि हिरव्या चिठ्ठ्या करत असे. दोन दिवसांत ‘लाल म्हणजे ढ’ हे मुलांनीच ठरवून टाकले आणि मला ते रंग बंद करावे लागले.

बिंगोमध्ये शिक्षक एकच शब्द पुकारतो, पण मुलांजवळचे नऊ घरांचे कागद वेगवेगळे असतात. काहींच्या कागदावर चित्रे, काहींच्या कागदावर शब्द, आणि पुढे गेलेल्यांना कोरा कागद मिळतो, ज्यावर त्यांनी मागील तीन आठवड्यांतले नऊ शब्द न पाहता लिहायचे असतात. पुकारा एक, शब्द तेच आणि ओझे मात्र ज्याच्या त्याच्या खांद्याला पेलेल एवढे. मिश्र वर्गासाठी चांगल्या खेळाची खूण मी हीच मानतो.

पिशवीचा खेळ लहान मुलांसाठी फार उपयोगी आहे. कापडी पिशवीत कापसाचे बोंड, तुरीची शेंग, किल्ली, चमचा, दोरीचा तुकडा आणि दगड ठेवावा. मुलाने आत हात घालून न पाहता वस्तू ओळखावी आणि इंग्रजीत सांगावी. शब्द आठवला नाही तर ‘हार्ड’, ‘सॉफ्ट’, ‘लाँग’ असे काहीही सांगितले तरी ते उत्तर धरावे.

जे मूल बोलायलाच तयार नसते, त्याच्यासाठी हुकूमपालनाचे खेळ घ्यावेत. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत अशी, की शिकणाऱ्याने आधी सूचना ऐकून शरीराने प्रतिसाद द्यावा आणि बोलणे आपल्या वेळेने येऊ द्यावे. ‘टच युवर नी’ म्हटल्यावर गुडघ्याला हात लावणारे मूल शब्द शिकलेलेच असते. असे महिनाभर न बोललेले मूल एके दिवशी स्वतःच सूचना देण्यासाठी पुढे येते.

आठवडी बाजाराचा खेळ आपण सगळेच घेतो. त्यात मी एकच बदल सुचवीन : मागे असलेल्या मुलाला दुकानदार करावे. गिऱ्हाईकाला दर वेळी नवी वस्तू मागावी लागते. दुकानदाराला मात्र ‘टेन रुपीज’ आणि ‘थँक यू’ हेच पुन्हा पुन्हा म्हणायचे असते. मान मोठा आणि भाषा सोपी, अशी ती भूमिका आहे.

शेवटच्या अक्षरावरून शब्दांच्या भेंड्या हा खेळ लोकप्रिय असला तरी मिश्र वर्गात मी तो सहसा घेत नाही, कारण त्यात स्पेलिंग येणारी चार मुलेच खेळतात.

मागे पडलेले मूल खेळात आणखी मागे पडत नाही का?

खेळ चुकीचा मांडला तर नक्कीच पडते. सुरुवातीच्या वर्षी मी फळ्यावरचा शब्द ओळखण्याचा असा खेळ घेत असे, की ज्याचे उत्तर चुकले तो ‘आउट’. पंधरा मिनिटांनी भिंतीपाशी जी मुले उभी असत ती दर वेळी तीच असत, आणि ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज होती त्यांनाच मी सरावातून बाहेर काढत होतो हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. तेव्हापासून वर्गात ‘आउट’ हा नियम नाही. चुकलेल्या मुलाने योग्य शब्द ऐकावा, म्हणावा आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा यावे, म्हणजे त्याला उलट एक वळण अधिक मिळते.

दुसरा उपाय नशिबाचा आहे. सापशिडी, फासे, चिठ्ठ्या यांत जिंकणे पूर्णपणे शब्दांच्या ज्ञानावर अवलंबून नसते. प्रत्येक घरावर शब्द सांगावा लागतो, पण शिडी कोणाला मिळेल हे फासा ठरवतो. त्यामुळे नेहमी हरणारे मूलही कधी तरी जिंकते. वेगावर चालणारे खेळ मात्र कमी ठेवावेत. घाईत जे मूल गप्प राहते ते निवांतपणी बरोबर सांगते, असे पुष्कळदा दिसते.

गटाचे गुण मागे असलेल्या मुलाच्या उत्तरावर ठेवावेत, असे काही जण सुचवतात. मी ते करून पाहिले आणि सोडून दिले. गट त्या मुलाला शिकवतो हे खरे, पण चुकल्यावर ते मूल मधल्या सुटीत एकटे बसलेले मला पाहावे लागले.

पुढे गेलेली मुले कंटाळतात, त्यांचे काय करावे?

त्यांना कायम ‘शिक्षकाचा मदतनीस’ करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, कारण तीही शिकायलाच शाळेत आली आहेत. त्यांना खेळ बनवायला द्यावा. सहा शब्दांवर प्रत्येकी एक कोडे इंग्रजीत तयार करणे हे चौथीच्या मुलासाठी खरे आव्हान असते; ‘इट इज लाँग, इट इज इन द वेल, वी पुल इट’ एवढे तीन वाक्यांचे कोडे करायला आमच्या वर्गातील दोघांना अर्धी तासिका लागली आणि ते उर्वरित वर्गाने सोडवले, तेव्हा सर्वांचीच उजळणी झाली.

खेळताना मराठी बोलू द्यावी का? आणि वऱ्हाडी?

अवश्य बोलू द्यावी. नियमांची चर्चा, भांडण, समजूत हे सारे मुलांच्या भाषेत होऊ द्यावे. फक्त खेळाचा शब्द इंग्रजीत यावा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषेतून आणि हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला होता. त्या परिषदेसमोर इंग्रजीचे खेळ नव्हते, तरी मुलाच्या भाषेपासून आणि हातापासून सुरुवात करण्याचे तिचे तत्त्व येथेही लागू पडते, असे मला वाटते.

अर्थ सांगताना तो मुलाच्या बोलीत सांगावा. ‘नी म्हणजे गुडघा’ असे आपण सांगतो, पण वऱ्हाडातले मूल घरी टोंगळा म्हणते. ‘पोटॅटो म्हणजे बटाटा’ येथेही तेच. त्याच्या घरी आलू असतो. कोथिंबिरीला सांबार म्हणणाऱ्या मुलाला आपण एकाच वेळी दोन परके शब्द देत असतो. म्हणून आमच्या फळ्यावर तीन रकाने असतात : घरचा शब्द, पुस्तकातला मराठी शब्द आणि इंग्रजी शब्द. कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या घरचा शब्द विचारावा आणि साऱ्या वर्गाने तो एकदा म्हणावा. त्या दिवशी ते मूल खेळात वेगळ्याच उत्साहाने उतरते. मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडच्या माडिया मुलांच्या वर्गातही हा रकाना उपयोगी पडावा.

इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून द्यावेत का?

उच्चार लक्षात ठेवायला देवनागरी मदत करते, हे नाकारता येत नाही; ‘पेन’ आणि ‘पॅन’ किंवा ‘कप’ आणि ‘कॅप’ यांतला फरक आपली लिपी नेमका दाखवते. पण मूल एकदा त्या आधाराला टेकले की इंग्रजी अक्षरांकडे पाहतच नाही. शिवाय एक मजेदार अडचण आहे. विहिरीचे जे सहा शब्द वर दिले, त्यांतला ‘वेल’ देवनागरीत वाचला की मुलाच्या डोळ्यांपुढे कारल्याचा वेल येतो, ‘रोप’ वाचले की मिरचीचे रोप येते आणि ‘पुल’ पाहून ओढ्यावरचा पूल आठवतो. म्हणून शब्द आधी कानाने आणि वस्तूने द्यावा, दोन-तीन दिवस खेळात वापरावा आणि मग थेट इंग्रजी अक्षरांत दाखवावा. मुलाला आठवणीसाठी वहीत देवनागरीत लिहावेसे वाटले तर त्याला अडवू नये.

खेळांतून स्पेलिंग कसे पक्के होईल?

‘सी-ए-टी कॅट’ असे म्हणताना मूल अक्षरांची नावे घेते. ती नावे एकापुढे एक म्हटली तर ‘सीएटी’ होते, ‘कॅट’ होत नाही. म्हणून पत्ते ठेवताना क, ॲ, ट असे आवाज म्हणावेत. अक्षरपत्त्यांनी कॅट लावून झाले की पहिला पत्ता बदलून बॅट, रॅट, मॅट, हॅट करावे. हा खेळ जोडीत होतो, दहा मिनिटे पुरतात आणि अक्षरओळख नसलेले मूलही पत्ता बदलण्याचे काम करत करत शिकते.

दोन शिक्षक आणि चार इयत्ता असताना हे कसे जमवावे?

सर्व वर्ग एकाच वेळी बोलक्या खेळात असू नयेत, एवढे पाळावे. तिसरी-चौथीची मुले अंगणात ठिकरी खेळत असतील तेव्हा पहिली-दुसरी वर्गात चित्र रंगवत असावी. पत्त्यांच्या जोड्या लावण्याचा खेळ चारही इयत्तांना एकत्र देता येतो. बारा पत्ते पालथे ठेवावेत, लहान मुलांनी चित्राला चित्र जोडावे, मोठ्यांनी चित्राला शब्द. मोठ्या बहिणीने धाकट्या भावाशेजारी बसून शब्द सांगणे हे आपल्या शाळांत सहज घडते. त्याचा उपयोग करून घ्यावा.

गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गाला त्रास होतो.

गोंगाट होणारच. शेजारच्या शिक्षकांना आधी सांगावे, शक्य तेव्हा कडुलिंबाखाली जावे आणि थांबण्याची एक खूण ठरवावी. आमच्याकडे मी हात वर केला की प्रत्येकाने हात वर करून गप्प व्हायचे असते. जोडीचे खेळ कुजबुजत खेळण्याची अट घातली तर मुलांना तीही गंमत वाटते.

साहित्याला किती खर्च येतो?

जवळजवळ काहीच नाही. लग्नसराईनंतर गावात पत्रिकांचा ढीग असतो. त्यांची कोरी बाजू जाड आणि टिकाऊ असते. बाटल्यांची झाकणे, चिंचोके आणि खडू एवढ्यावर वर्ष निघते.

कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी मुले येत नाहीत. तेव्हा काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक छळतो. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की मोठी मुले शेतात जातात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात, आणि काही कुटुंबे कामासाठी गावच सोडतात. पुढे सरकलेल्या वर्गात ही मुले परत येतात तेव्हा ती पूर्वीपेक्षा अधिक मागे पडलेली असतात.

पूर्ण उपाय माझ्याजवळ नाही. मी दोन गोष्टी करतो. त्या काळात नवे शब्द आठवड्याला सहाऐवजी तीन ठेवतो आणि तेही शेतातले : पिक (वेचणे), बॅग, व्हाइट, हेवी, फील्ड, सन. शेतात गेलेले मूल ते शब्द डोळ्यांपुढे घेऊनच परत येते. दुसरे म्हणजे प्रत्येक झालेल्या आठवड्याचा पत्त्यांचा संच एका लिफाफ्यात ठेवतो. मूल परत आले की त्याची जोडी त्याच्याबरोबर रोज एक लिफाफा खेळते, आणि पंधरा दिवसांत सुटलेले पुष्कळसे शब्द भरून निघतात. शिकवणाऱ्या जोडीदाराचीही यात उजळणी होते, त्यामुळे वर्ग खोळंबला असे होत नाही.

माझेच इंग्रजी कच्चे आहे. मी हे खेळ घेऊ शकेन का?

घेऊ शकाल, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिकेविषयी मला आदर वाटतो. आठवड्याला सहाच शब्द असल्यामुळे त्यांचे उच्चार रविवारी मोबाईलवरील शब्दकोशात ऐकून घेणे अवघड नाही. मुलांनी न येणारा शब्द विचारला तर ‘उद्या पाहून सांगते’ असे म्हणावे आणि उद्या खरोखरच सांगावे. मीही ‘काफ’मधला ‘एल’ कित्येक वर्षे उच्चारत होतो.

मूल्यमापन कसे करावे?

खेळ संपल्याबरोबर विचारलेल्या शब्दावर विश्वास ठेवू नये. त्या वेळी सर्वांनाच सर्व येते. दोन आठवड्यांनी विचारावे. माझ्या नोंदवहीत प्रत्येक मुलापुढे चार रकाने आहेत : ऐकून वस्तू दाखवतो, वस्तू पाहून शब्द सांगतो, शब्द वाचतो, वाक्यात वापरतो. दर शनिवारी सहा मुले घेतली तर महिन्यात चोवीस मुलांची फेरी पूर्ण होते आणि आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदीही त्यातूनच निघतात. सर्वांना एकच लेखी चाचणी दिली, तर जे मूल शून्यावरून पन्नास शब्द ऐकून समजण्यापर्यंत आले, त्याच्या नावापुढे पुन्हा शून्यच लागते.

घरी सराव कसा होईल? पालक लिहिणे-वाचणे शिकलेले नाहीत.

मुलाने रोज एक शब्द आजीला शिकवावा आणि दुसऱ्या दिवशी आजीने तो कसा म्हटला हे वर्गात सांगावे. हा गृहपाठ कोणीही चुकवत नाही.

वर्षाच्या शेवटी आणि उन्हाळ्यात शब्द विसरले जातात, त्याला काय करावे?

मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते आणि ऊन चढण्यापूर्वीचा पहिला तास सर्वांत ताजा असतो. नवे शब्द थांबवून तो तास मी जुन्या लिफाफ्यांना देतो. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होते, त्यामुळे शब्द थंड पडायला बराच अवधी मिळतो. सुटीपूर्वी प्रत्येक मुलाला स्वतःला सर्वांत कठीण गेलेले बारा शब्द निवडून त्यांचे पत्ते घरी नेऊ देतो. काही पत्ते हरवतात, काही भिजतात. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात, आणलेले आणि हरवलेले असे सगळे पत्ते मुले आठवणीने पुन्हा तयार करतात. त्यांपैकी जे शब्द कोणालाच आठवत नाहीत, ते नव्या वर्षाच्या पहिल्या सहा शब्दांत घेतले जातात.